कपाट उघडले तो मंगळवार

अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेस हे ग्रंथालय देशाने जपावीत अशा ध्वनिमुद्रणांची एक राष्ट्रीय यादी ठेवते. २००७ सालच्या निवडीत तिथे एक गमतीशीर नोंद आहे. ‘फिबर मॅगी अँड मॉली’ या रेडिओवरच्या विनोदी कार्यक्रमात फिबरचे कपाट पहिल्यांदा उघडले, त्या भागाची. नोंदीतली तारीख आहे ४ मार्च १९४०. कार्यक्रमाच्या प्रचलित भागसूच्यांत मात्र हाच भाग ५ मार्चला दाखवलेला असतो.

फरक एका दिवसाचा. एका काल्पनिक घरातले एक काल्पनिक कपाट सोमवारी उघडले की मंगळवारी, याने कुणाचे काय बिघडते? पण इतिहास लिहायचा तर सुरुवात अशाच ठिकाणी करावी लागते, कारण इथे पुरावा तपासून पाहता येतो.

१९४० च्या १ जानेवारीला सोमवार होता. वर्ष लीप, म्हणून फेब्रुवारी २९ दिवसांचा. जानेवारी-फेब्रुवारीचे साठ दिवस सरल्यावर १ मार्च आला तो शुक्रवारी. म्हणजे ४ मार्चला सोमवार आणि ५ मार्चला मंगळवार. आता कार्यक्रमाचे वेळापत्रक पाहू. १९३५ च्या मध्यापासून १९३८ च्या मार्चपर्यंत हा कार्यक्रम सोमवारी लागत असे. त्यानंतर तो मंगळवारी रात्री साडेनऊला गेला आणि तिथेच वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला. त्याच्या पाठोपाठ दहा वाजता बॉब होप या विनोदी नटाचा कार्यक्रम. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या श्रोत्यांची मंगळवारची रात्र ही अशी ठरलेली. तेव्हा १९४० च्या मार्चमध्ये हे कपाट सोमवारी उघडण्याचा संभव नाही. राष्ट्रीय यादी एका दिवसाने चुकली आहे.

ही मंगळवारची कसोटी हातात ठेवून आपण त्या घरात जाऊ.

त्या रात्री घडले ते असे. मॉलीला शब्दकोश हवा असतो. तो शोधायला ती दिवाणखान्याबाहेरचे भिंतीतले कपाट उघडते आणि आतला सगळा पसारा तिच्या अंगावर कोसळतो. फिबरचे म्हणणे असे की, सगळे अगदी आपल्याला हवे तसे लावून ठेवले होते. मग कपाट आवरणे हाच त्या भागाचा विषय होतो. एकेक वस्तू बाहेर निघते, तिच्यामागची गोष्ट निघते, दोघांच्या लग्नाआधीच्या दिवसांतला एक फोटोही निघतो. त्यातच ग्रेसी ॲलन ही विनोदी नटी येऊन जाते. त्या वर्षी ती ‘सरप्राइज पार्टी’ नावाच्या लुटुपुटूच्या पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभी होती आणि प्रचारासाठी सगळ्यांच्या कार्यक्रमांतून हिंडत होती. कपाट नीट भरून दार लावले जाते आणि तेव्हा फिबरच्या ध्यानात येते की शब्दकोशही आतच गेला. तो पुन्हा दार उघडतो. पुढचे सांगायला नको.

ग्रेसी ॲलनच्या त्या फेरीचाही कालनिर्णयाला उपयोग होतो. तिचा हा निवडणुकीचा खेळ १९४० च्या वसंतातला. म्हणजे वार चुकला असला तरी वर्ष आणि महिना पक्के. एका साक्षीने वार ठरला, दुसरीने साल.

आता त्या कोसळण्याच्या आवाजाकडे कान देऊ. मुद्रण ऐकताना कळते की हा गडगडाट एका दमात होत नाही. आधी एखादी वस्तू घसरते, मग दोन, मग धबधबा. सगळे थांबले असे वाटत असताना एखादे चुकार भांडे गडगडत येते. शेवटी घरगुती हातघंटा एकदाच किणकिणते आणि शांतता. ही घंटा म्हणजे वाक्याचा पूर्णविराम. हशा पिकतो तो तिच्यानंतर. कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत असल्यामुळे ध्वनिपरिणाम करणाऱ्या मंडळींना ही रास समोरच्या प्रेक्षकांदेखत पाडावी लागे आणि पुढच्या खेपेला पुन्हा रचावी लागे. संहितेच्या कागदावर या सगळ्याला एखाद्या ओळीची सूचना पुरते. म्हणून हे कपाट कागदावरून उभे करता येत नाही, त्याला तबकडीच लागते.

त्या काळच्या तबकड्या सोळा इंच व्यासाच्या. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लाखेसारख्या द्रव्याचा थर, त्यावर सुईने कोरलेला आवाज. एका बाजूवर पंधरा मिनिटे मावत, म्हणजे अर्ध्या तासाच्या भागाला दोन बाजू. दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियम विमानांकडे गेले तेव्हा पत्र्याच्या जागी काच आली. हातातून निसटली की त्या रात्रीचा कार्यक्रम संपलाच. अशा वस्तू जपायच्या तर जागा हवी, पैसा हवा आणि त्या जपाव्यात असे वाटणारे कुणी हवे. मॅगींच्या घराला तिन्ही मिळाले, आणि मिळाले ते एका मेणाच्या कंपनीकडून.

तो योग कसा आला ते पाहायला पिओरियाला जावे लागते. इलिनॉय राज्यातले हे मध्यम शहर. तिथल्या शेतकऱ्याचा मुलगा जिम जॉर्डन, म्हणजे पुढचा फिबर, जन्म १८९६. कोळसा खाणीत काम करणाऱ्याच्या तेरा मुलांतली मेरियन ड्रिस्कॉल, म्हणजे पुढची मॉली, जन्म १८९८. चर्चच्या गायकवृंदात ओळख झाली आणि ३१ ऑगस्ट १९१८ रोजी लग्न. लगेच जिमला सैन्यात बोलावणे आले, तो फ्रान्सला गेला आणि तिथे इन्फ्लुएन्झाने आजारी पडला. परतल्यावर दोघांनी गाण्याचे दौरे केले, ते बसले. १९२४ मध्ये शिकागोत रेडिओ ऐकत असताना जिम म्हणाला की यापेक्षा आपण बरे गाऊ, आणि भावाने दहा डॉलरची पैज लावली. ही गोष्ट जॉर्डन दांपत्य पुढे आयुष्यभर सांगत असे. पुष्कळदा सांगितलेल्या गोष्टीला घासून घासून चकाकी येते, हे लक्षात ठेवून ती घ्यावी. पैज खरी असो वा सजवलेली, त्या साली दोघे रेडिओवर आले एवढे नक्की.

शिकागोतच त्यांना डॉन क्विन भेटला. हा मूळचा व्यंगचित्रकार. १९३१ पासून त्याने त्यांच्यासाठी ‘स्मॅकआउट’ ही रोजची छोटी मालिका लिहिली. जिम त्यात एक किराणा दुकानदार होई. दुकानात गिऱ्हाईक मागेल ते नेमके संपलेले. थापा मात्र भरपूर शिल्लक. ही मालिका एका जाहिरातसंस्थेच्या प्रमुखाच्या, जॉन लुईसच्या, बायकोच्या कानावर पडली. हेन्रिएटा तिचे नाव आणि माहेर विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावचे जॉन्सन घराणे. लादी आणि लाकूड चमकवण्याचे मेण करणारे ते हेच जॉन्सन. १६ एप्रिल १९३५ रोजी ‘फिबर मॅगी अँड मॉली’चा पहिला भाग लागला, लेखक क्विनच, प्रायोजक जॉन्सन वॅक्स.

पहिल्या काही महिन्यांत या जोडप्याला घर नव्हते. ते मोटारीतून गावोगाव भटकत. कारण जाहिरात मोटारीच्या पॉलिशची होती. मग १९३५ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस सोडतीत त्यांना १३१३१३ क्रमांकाच्या तिकिटावर घर लागते, आणि पत्ता मिळतो : ७९, विस्टफुल व्हिस्टा. घर आले म्हणजे लादी आली, लादी आली म्हणजे तिला मेण आले. अमेरिकेतल्या सर्वांत प्रसिद्ध काल्पनिक पत्त्यांपैकी एक जन्माला आला त्यामागे कथेइतकीच विक्रीची सोय होती. निवेदक हार्लो विल्कॉक्सची जाहिरातही कथेला तोडून येत नसे. तो शेजाऱ्यासारखा घरात येई, चालू विषयाचा धागा पकडी आणि बोलता बोलता मेणावर घसरे. फिबर त्याला ‘वॅक्सी’ म्हणून चिडवी. जाहिरातीची चेष्टा जाहिरातीच्याच वेळात होत होती आणि पैसे देणारा मालक ती खपवून घेत होता. मेण खपत होते, म्हणून.

या घराचा आणि आळीचा नकाशा काढायचा म्हटला तर संशोधकाची पंचाईत होते. विस्टफुल व्हिस्टा हे रस्त्याचेही नाव आणि गावाचेही. गावातले दुकान, कचेरी, क्लब, जे विचारावे ते बहुधा ‘चौदावा रस्ता आणि ओक’च्या कोपऱ्यावर निघते. सगळे संदर्भ खरे मानून नकाशा आखला तर त्या एका कोपऱ्यावर अर्धे गाव एकावर एक रचावे लागेल. फिबर कोणती नोकरी करतो याचाही पत्ता नाही. पैशाची कडकी असते, बेत असतात, बढाया असतात. नियमित पगार नाही. इथे लेखक चुकला असे म्हणण्यात अर्थ नाही. ऐकणाऱ्याला नकाशा नको होता, पुन्हा पुन्हा भेटणारी खूण हवी होती. कागदपत्रांतली विसंगती नेहमीच दोष नसते. कधी ती धंद्याची रीत असते.

भागाची बांधणीही ठरलेली. फिबरच्या डोक्यात काहीतरी शिरते. मॉली त्याला जमिनीवर आणू पाहते. दाराची घंटा वाजते आणि एकेक शेजारी येऊन आपली फुंकर घालून जातो. मधे बिली मिल्सच्या वाद्यवृंदाची एक चीज, किंग्ज मेन या चौकडीचे एक गाणे. बिल थॉम्प्सन हा एकटा नट अनेक आवाजांत येई. त्यातला एक पक्षिनिरीक्षणात रमणारा भित्रा वॉलेस विंपल. गेल गॉर्डनचा महापौर ला ट्रिव्हिया शब्दांत गुरफटून संतापे. शेजारची लहान मुलगी टीनी म्हणजे स्वतः मेरियनच. फिबरचा विनोद पडला की त्यात हसण्यासारखे काही नाही असे मॉली शांतपणे सुनावी, आणि खरा हशा त्यालाच मिळे.

या आळीत ऐकू येणाऱ्या माणसांइतकीच न ऐकू येणारी माणसे महत्त्वाची. रेडिओवर कुणीच दिसत नाही. पण ज्याचा आवाजही येत नाही त्याचे अस्तित्व फक्त दुसऱ्याच्या बोलण्यात. टेलिफोन केंद्रातली मर्ट अशीच. फिबर फोन उचलतो, तिची विचारपूस करतो, तिच्या घरी काहीतरी भयंकर घडल्यासारखे बोलतो, आणि ते काहीतरी साधेच निघते. मर्टचे अक्षरही सहसा ऐकू येत नाही. विंपलची धिप्पाड बायको ‘स्वीटी फेस’, जिच्या धाकात तो राहतो, तीही कधी बोलत नाही. न बोलणाऱ्या व्यक्तीला नट लागत नाही आणि ती चुकतही नाही.

अशीच एक मुकी व्यक्ती पुढे कागदावरून पुसली गेली. शेजारी थ्रॉकमॉर्टन पी. गिल्डरस्लीव्ह हा कंबरपट्टे करणारा कारखानदार, फिबरचा जानी दुश्मन आणि दोस्त. हॅरोल्ड पेरी या नटाने तो इतका रंगवला की ३१ ऑगस्ट १९४१ रोजी त्याला स्वतंत्र कार्यक्रम मिळाला. गाजलेल्या कार्यक्रमातले पात्र उचलून त्याचा वेगळा संसार थाटण्याची अमेरिकन रेडिओची प्रथा इथून रुजली. पण मॅगींच्या शेजारी राहताना गिल्डरस्लीव्हला बायको होती, न ऐकू येणारी. समरफिल्ड या नव्या गावी तो पोचला तो अविवाहित, भाचरांचा पालक होऊन. बायकोचे काय झाले? काहीच नाही. तिला आवाजच नव्हता, म्हणून निरोपाचा प्रसंगही लिहावा लागला नाही.

आता आठवण आणि पुरावा यांच्यातली तफावत. जुन्या श्रोत्यांना विचारले तर ते सांगत की कपाट दर आठवड्याला उघडायचे. उपलब्ध मुद्रणे ओळीने ऐकली तर तसे दिसत नाही. सलग दोन भागांहून जास्त वेळा हा प्रकार क्वचितच येतो, आणि आला तरी तसाच्या तसा येत नाही. कधी फिबर हात पुढे करतो, मॉली ओरडते, आणि तो थांबतो; श्रोता मात्र मनातल्या मनात ती रास पाडून मोकळा होतो. क्विनची करामत हीच की त्याने गडगडाट जपून खर्च केला आणि श्रोत्यांनी तो दर मंगळवारी ऐकल्याची शपथ घेतली.

दुसरी तफावत अधिक नाजूक. नोव्हेंबर १९३७ ते एप्रिल १९३९ या काळात मेरियन कार्यक्रमात नव्हती. कार्यक्रमाचे नाव बदलून ‘फिबर मॅगी अँड कंपनी’ झाले. लोकांना कारण सांगण्यात आले थकव्याचे. नंतरच्या चरित्रपर लेखनात मद्याच्या आजाराचा आणि उपचारांचा उल्लेख येतो. या दरम्यान १९३९ च्या आरंभी कार्यक्रम शिकागोहून हॉलिवूडला हलला. संसारावरचा कार्यक्रम दीड वर्ष बायकोवाचून चालला आणि तिची जागा कुणाला कायमची दिली गेली नाही, ही नोंद मला त्या आजाराच्या नावापेक्षा जास्त बोलकी वाटते.

युद्धकाळातले भाग तर सरकारी दप्तराशी जुळवून वाचता येतात. १ डिसेंबर १९४२ रोजी पेट्रोलचे रेशन देशभर लागू झाले. साध्या ‘ए’ पत्रिकेवर आठवड्याला चार गॅलन. कारण मुख्यतः रबराचे. मलाया आणि डच ईस्ट इंडीजचे मळे जपानच्या ताब्यात गेले होते आणि देशात होते तेवढेच टायर टिकवायचे होते. वेगमर्यादाही ताशी ३५ मैलांवर आणली होती. कसोटी लावून पाहा : तो दिवस मंगळवारच. त्याच रात्री फिबर माइकसमोर चार गॅलनच्या नावाने खडे फोडतो. एकेक शेजारी येतो आणि त्याचा एकेक मुद्दा काढून घेतो. सरकारची बाजू मांडायला भाषण नाही. कुरकुर करणाऱ्या नागरिकाची कुरकुर नायकाच्याच तोंडी दिली आणि तिचे हसे केले. युद्धमाहिती कचेरीला लोकांपर्यंत जे पोचवायचे होते, ते घरात येणाऱ्या शेजाऱ्यांनी पोचवले.

हे किती घरांत ऐकले जाई? १९४० च्या जनगणनेत रेडिओविषयी प्रश्न होता आणि सुमारे ८३ टक्के घरांत रेडिओ असल्याचे निघाले. श्रोत्यांची मोजदाद करणारी हूपर ही यंत्रणा मोठ्या शहरांतल्या घरी कार्यक्रम चालू असतानाच फोन करून विचारी की आत्ता काय ऐकता. तिच्या कोष्टकांत फिबर-मॉली युद्धकाळात अगदी वरच्या जागी असत. पण त्या सुमारास फोन होता तो जेमतेम ३७ टक्के घरांत. शेतावरचे कुटुंब बॅटरीवरचा रेडिओ लावून मर्टची विचारपूस ऐकत असेल तर ते या मोजणीत नाही, कारण त्याच्या घरी फोनच नाही. हूपरचा आकडा शहरी फोनवाल्यांचा आहे. त्याला देशाचा आकडा म्हणू नये.

तबकडीही सगळे सांगत नाही. २५ जानेवारी १९४४ ची, पुन्हा मंगळवारची, रात्र घ्या. मॅगींकडे ब्यूला नावाची कृष्णवर्णीय मोलकरीण कामाला येते. तिच्या पहिल्या वाक्यावर मुद्रणात हशाचा असा लोंढा येतो की ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचूनही त्याचे कारण सापडत नाही. कारण आवाजात नव्हतेच. ब्यूलाचा आवाज काढणारा मार्लिन हर्ट हा गोरा पुरुष होता आणि तो पाठमोरा उभा राहून ऐन वेळी माइककडे वळे. प्रेक्षक हसले ते दृश्याला. घरी बसलेल्या श्रोत्यांनी हशा ऐकला आणि तो वाक्याला मिळाला असे मानले. त्या हशाच्या पोटात वर्णभेदाची रूढीही होती : कृष्णवर्णीय बाईचे पात्र चालते, कृष्णवर्णीय बाई नाही. हर्टलाही १९४५ मध्ये स्वतंत्र कार्यक्रम मिळाला. १९४६ मध्ये तो वारला. १९४७ मध्ये ते पात्र हॅटी मॅकडॅनियलकडे आले, तेव्हा कुठे ब्यूलाला कृष्णवर्णीय बाईचा आवाज मिळाला.

आता दुसऱ्या एका घराकडे वळू, कारण त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय पहिल्याचे भाग्य कळत नाही. पिओरियापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर ब्लूमिंग्टन आहे. तिथे वाढलेला पॉल राइमर शिकागोत एनबीसी या रेडिओ कंपनीत लेखक होता. २९ जून १९३२ रोजी त्याची ‘व्हिक अँड सेड’ ही श्रुतिका सुरू झाली आणि पंधरा मिनिटांची, आठवड्यातून पाच दिवस, १९४४ पर्यंत चालली. प्रायोजक प्रॉक्टर अँड गँबल, माल क्रिस्को. आपल्याकडच्या डालड्याच्या जातीचा. भाग साडेतीन हजारांवर. ‘टाइम’ साप्ताहिकाने १९४३ मध्ये श्रोते सत्तर लाख सांगितले होते.

इथे कपाट कोसळत नाही, वाद्यवृंद नाही, हसणारे प्रेक्षकही नाहीत. ‘पुढच्या चौकातले मधले छोटे घर’, त्यात हिशेबनीस नवरा व्हिक, बायको सेड, मुलगा रश. पुढे १९४० मध्ये व्हिकची भूमिका करणारा आर्ट व्हॅन हार्वे आजारी पडला तेव्हा तोवर नुसता बोलण्यात येणारा फ्लेचरमामा प्रत्यक्ष घरात आला. बाकी गाव सगळे ऐकीव. शेजारीण रूथी स्टेमबॉटमबरोबर सेड दुकानातल्या अंगपुसण्यांच्या सेलला जाते. रश लठ्ठ माणसे हँडबॉल खेळतात ते बघायला जातो. फ्लेचरमामा कुणातरी अनोळखी माणसाची लांबण लावतो आणि शेवटी सांगतो की पुढे तो वारला. गोष्ट म्हणावी असे काही घडत नाही. जेवण झाल्यावर घरात जे बोलणे चालते तेच, फक्त कान असलेल्या माणसाने टिपलेले.

या घराच्या तबकड्यांना जपणारे कुणी भेटले नाही. वाजून झालेली तबकडी प्रायोजकाच्या लेखी कामातून गेलेली. बहुतेक नष्ट झाल्या. आज सव्वातीनशे ते साडेतीनशेच्या दरम्यान भाग ऐकता येतात, म्हणजे दहांतला एक. राहिला तो कागद. राइमरच्या संहितांचा मोठा गठ्ठा विस्कॉन्सिनच्या इतिहास संस्थेत मॅडिसनला आहे. त्यातून त्याच्या पत्नीने निवडलेल्या श्रुतिकांचे पुस्तक १९७२ मध्ये निघाले, लेखक रे ब्रॅडबरी यांच्या प्रस्तावनेसह. दुसरे १९७६ मध्ये.

कागदावर हे घर किती उरते? पुष्कळ. शेजारी मुळातच कुणाच्या तरी बोलण्यातले, त्यामुळे नटावाचून त्यांचे अडत नाही. पण एक पात्र आहे, मिशिगनमधल्या सिशिगनचा रिशिगन फिशिगन. नाव डोळ्यांनी वाचले तर पोरकट वाटते. उपलब्ध मुद्रणांत बर्नार्डिन फ्लिन म्हणजे सेड अशी नावे भाजीचा भाव सांगावा तितक्या सहज घेते, आणि तेव्हा त्यातला विनोद कळतो. विनोद नावात अर्धा होता, उरलेला ते घेताना न हसण्यात. दहांतल्या नऊ भागांचा हा अर्धा गेला. मॅगींच्या घराचे नेमके उलटे : तिथे आवाज मुबलक, कारण जॉन्सन कंपनीने आपल्या तबकड्या टाकून दिल्या नाहीत.

म्हणून ‘त्या काळची अमेरिका कशाला हसत होती’ असे विधान कुणी केले की मी त्यात एक दुरुस्ती सुचवीन. त्या काळची अमेरिका ज्याला हसली त्यातले जे कुणीतरी कपाटात ठेवले, तेवढेच आपण ऐकतो. मेण विकणाऱ्याने ठेवले, तूप विकणाऱ्याने ठेवले नाही. एवढ्यावरून फिबर मोठा आणि व्हिक लहान ठरवणे हा न्याय नव्हे.

फिबर-मॉलीचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ३० जून १९५३ रोजी संपला. तोही मंगळवार. मग पंधरा मिनिटांचे रोजचे भाग १९५६ पर्यंत, मग दुसऱ्या कार्यक्रमात मिनिटा-दोन मिनिटांचे तुकडे १९५९ पर्यंत. दुसरे नट घेऊन केलेली दूरचित्रवाणी मालिका १९५९-६० मध्ये काही महिन्यांत आटोपली. जे कपाट प्रत्येकाने आपापल्या मनात भरले होते ते पडद्यावर दिसून उपयोग नव्हता. मेरियन ७ एप्रिल १९६१ रोजी गेली, जिम १ एप्रिल १९८८ रोजी.

राष्ट्रीय यादीतली ती तारीख बदलून ५ मार्च करावी, एवढा या खटाटोपाचा लहानसा निकाल. आणि वाचकांना एक विनंती. घरी माळ्यावर जुन्या कॅसेटी असतील, आजोबांचा आवाज असेल, कुणाचे लग्न, कुणाचे कीर्तन असेल, तर वेष्टनावर तारीख लिहून ठेवा. आणि तारखेपुढे वार लिहायला विसरू नका.